‘चार पौंड’ हे गाणं कुणाचं, आणि माझ्यामागं बाकीचं सामान कुणाचं

मी, व्हर्ना इडा गिबरसन, माहेरची डिमर्चंट, वय वर्षं सत्तर, राहणार पुलाकडचा रस्ता, बर्चफर्ड, न्यू ब्रन्सविक, कै. डेलबर्ट गिबरसन याची बायको, हे माझ्या हातानं लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरचा कागद सोबत जोडलाय. डॉक्टरनं विचारलं, “आज वार कोणता, व्हर्ना?” मी म्हटलं, “तुम्ही दवाखान्यात आहात म्हणजे बुधवार नाही. बुधवारी तुम्ही मासे धरायला जाता आणि पाटीवर ‘तातडीच्या कामासाठी बाहेर’ लिहिता.” कागद लगेच मिळाला.

माझ्यावर कुणाचा दबाव नाही. हे वाचून काही जणांवर येईल, ते वेगळं.

वकील हॅलेट मला म्हणाले, “गिबरसनबाई, कुणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. राग लिहायचा नसतो.” मी म्हटलं, “हॅलेटसाहेब, घराला पन्नास वर्षं झाली, गाडी त्याहून खिळखिळी. चांगल्या अवस्थेत तेवढा रागच आहे. तो कसा वगळू?” तेव्हा तोही लिहिते. ज्याच्या त्याच्या वाट्याला जाईल.

१. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द. ते डेलबर्टनं आणि मी एक्याण्णव साली एकत्र केलं होतं. त्यात डेलबर्टनं “माझी गाणी” असं लिहिलं होतं आणि मी शेजारी बसून त्याच्याखाली सही केली होती. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडू नये म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला डेलबर्टवरच्या रागाहून जास्त राग येतो.

२. घर, शेड, बटाट्याचं कोठार आणि बँकेत असेल ते सगळं माझी मुलगी कॉलीन हिला. माडीवरची खिडकी आधी वर उचलायची आणि मग ढकलायची असते. जावयाला हे अकरा वर्षं सांगतेय. आता लेखी देते.

शेजारच्या इना टॉम्पकिन्सला मी काही देऊ शकत नाही, कारण ती या कागदाची साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही मिळत नाही असा कायदा आहे. हे कळल्यावर इना म्हणाली, “मग बाई, साक्षीदार दुसरी बघ.” मी म्हटलं, “बिडाचा तवा आजच घेऊन जा आणि सही कर.” घेऊन गेली. घासून परत आणणार नाही हे मला ठाऊक आहे.

३. आता सिंथेसायझर. तो कोठारात, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘ओस्लो मोटेल’ हा आमचा बँड, म्हणजे तीन माणसं. रँडल ऑर्सर गायचा, डेलबर्ट वाजवायचा आणि मी गाणी करायचे. फोटोत दोघंच असायचे. नाव रँडलनं ठेवलं. ओस्लो त्यानं नकाशात पाहिलं होतं, मोटेल हमरस्त्यावर. मी चर्चचा पायपेटीवाला ऑर्गन वाजवत मोठी झालेली, एका खोलीच्या शाळेत शिकलेली. पण ते यंत्र घरात आलं तेव्हा त्याचं कुठलं बटण फिरवलं की काय रडतं, ते मला दोन दिवसांत कळलं. डेलबर्टला कधीच कळलं नाही. बोटं छान होती त्याची, कान नव्हता.

त्या यंत्राला काही म्हणजे काही लक्षात राहायचं नाही. एका गाण्याचा आवाज जुळवला आणि दुसरा जुळवला की पहिला गेला. म्हणून प्रत्येक गाण्यासाठी बटणांपाशी मी नेलपॉलिशच्या खुणा केल्या. ‘चार पौंड’च्या लाल. शिवाय थंडीत त्याचा सूर घसरायचा, तर कार्यक्रमाआधी तासभर विजेच्या ब्लँकेटमध्ये ठेवावं लागे. डेलबर्टला मी तसं कधी निजवलं नाही.

पुढं वर्तमानपत्रात फोटो आला, यंत्र आणि शेजारी डेलबर्ट. खाली छापलं होतं, “गिबरसन यांच्या गुप्त खुणा.” हा दाढीवाला माणूस चार रंगांची नेलपॉलिश कुठून आणतो, हे एकाही वार्ताहराला विचारावंसं वाटलं नाही.

राजधानीतल्या संग्रहालयाला ते हवंय. देणार नाही. ते गावच्या बिंगोच्या हॉलला द्यावं. त्याचा बदकासारखा एक आवाज आहे, हिरव्या खुणा, तो नंबर पुकारण्याआधी वाजवावा. एवीतेवी खोट्या पाटीखाली काचेत बसण्यापेक्षा म्हाताऱ्यांना दचकवलेलं बरं.

४. गाणी. इथं हॅलेटसाहेबांनी लिहून दिलं होतं, “दिवंगत पतीकडून वारसाहक्कानं प्राप्त झालेले गीतांचे अधिकार.” मी ते खोडलं. ते म्हणाले, “कायद्यानं तसंच आहे.” आहे ना. त्याचाच तर मला राग आहे. माझीच गाणी मला नवऱ्याची म्हणून वारशात मिळाली. कुणाला आपलीच चप्पल चोराच्या तेराव्याला भेट मिळाली असेल तर त्यानं मला येऊन भेटावं, दोघं बसून बोलू.

झालं ते असं. माझा जन्म पुलापलीकडच्या हॉस्पिटलात झाला, म्हणजे अमेरिकेत. आमच्या बाजूचं हॉस्पिटल चाळीस मैलांवर आणि पलीकडचं दहा मिनिटांवर. गावातली निम्मी पोरं तिकडंच जन्मली. आया दोन दिवसांनी पोर दुपट्यात घेऊन पूल ओलांडायच्या आणि बाप सरकारात नोंद करायचे. माझा बाप बटाटे काढत होता. नोंद करायची राहिली. घरात मी चौथी, चौथ्या पोरीची कुणाला घाई?

हे मला कळलं तिसाव्या वर्षी. त्र्याऐंशी साली इंग्लंडातल्या एका कंपनीनं ‘ओस्लो मोटेल’ला रेकॉर्ड करायला बोलावलं. माझ्या टेपा ऐकून, हे लक्षात ठेवा. मी पासपोर्ट काढायला गेले. खिडकीतली बाई म्हणाली, “तुम्ही आमच्या नाही आहात.” मी म्हटलं, “मग कुणाची आहे?” ती म्हणाली, “पलीकडं विचारा.” जन्मापासून या काठावर राहिले, याच शाळेत रोज राणीच्या फोटोखाली उभी राहून गाणं म्हटलं, आणि कागदावर परकी! ते दोघं विमानानं गेले. मी टेपा बांधून दिल्या, बटणांच्या खुणांचा तक्ता दिला आणि घरी येऊन भांडी आपटली.

तीन आठवड्यांनी डेलबर्टचा फोन आला.

“व्हर्ना, इथं एक फॉर्म भरायचाय. गाणं आपल्या देशाचं आहे असं ठरलं तरच आपल्याकडचे रेडिओवाले वाजवतात, तसा नियमच आहे. रेकॉर्डिंग झालं परदेशात, त्यात शब्द आणि चाल तुझी. आणि तू तर आता...”

“मी आता काय?”

“अगं, कागदापुरती अमेरिकन निघालीस ना. कुठंच बसत नाही.”

“मग?”

“रँडल म्हणतो, शब्दांपुढं त्याचं नाव घालू, चालीपुढं माझं. कागदापुरतं गं. आपल्याला काय, माहीत आहेच.”

मी “घाला” म्हटलं. बोलले मीच, नाकारत नाही. पण “कागदापुरतं” हा शब्द त्याचा. तो शब्द चाळीस वर्षं टिकला. लग्नातली शपथ एवढी टिकली नसती.

गाणं सगळीकडं वाजलं. गावात, टोरांटोत, व्हॅन्कूव्हरला, जर्मनीत. दुकानात बटर घ्यायला जावं तर छतातून माझंच गाणं आणि काउंटरवरची पोरगी मला म्हणते, “डेलबर्टना म्हणावं, काय लिहिता हो तुम्ही!” दुसऱ्या रेकॉर्डमध्ये माझी सहा गाणी गेली, त्याच दोन नावांखाली. तिसरी रेकॉर्ड रँडलनं स्वतः लिहिली. ती दुकानात अजून आहे. अठ्ठ्याऐंशीत ‘ओस्लो मोटेल’ बंद पडलं. रँडल आता गरम पाण्याचे टब विकतो आणि उन्हाळ्यात जत्रांमधून, तोच पांढरा कोट पोटावर ओढून, ‘चार पौंड’ गातो.

५. ते गाणं कशावर आहे, ते आता एकदाचं लिहिते, कारण त्यावर फार लोक रडलेत.

“चार पौंड माझ्या काळजाशी,
हळूहळू वितळतंय.
विचारू नकोस, जाऊ दे मला,
घर अजून लांब आहे.”

ते लोण्यावर आहे.

पलीकडं लोणी निम्म्या भावात मिळायचं आणि ठरावीकच आणायची परवानगी होती. ब्याऐंशीच्या जानेवारीत मी चार पौंड लोणी कोटाच्या आत छातीशी बांधून पुलावरून येत होते. गाडीत हीटर सुरू. कस्टमचा एव्हरेट खिडकीत कोपर टेकून आपल्या सासूचं दुखणं सांगायला लागला. वीस मिनिटं! सासूचा पित्ताशय, सासूचा गुडघा. इकडं लोणी पोटावरून खाली निघालेलं. मी चेहरा दुःखी ठेवला, तर त्याला वाटलं सासूसाठी. घरी येऊन आंघोळ केली आणि गाणं केलं.

रँडल मुलाखतीत सांगतो की ते त्याला सोडून गेलेल्या एका मुलीवर आहे. चार पौंडांची मुलगी कुठं भेटली याला, ते तोही सांगत नाही.

६. रँडल ऑर्सर याला काहीही नाही. का, ते लिहिते.

या एप्रिलात तो घरी आला. काकवीची बिस्किटं घेऊन, म्हणजे काम मोठं होतं. चाळीस वर्षं झाली म्हणून टोरांटोची एक कंपनी सगळ्या रेकॉर्ड पेटीत घालून पुन्हा काढणार आहे. त्यांना घरातल्या जुन्या टेपा हव्यात, आणि डेलबर्टची वारस म्हणून माझी सही.

मी म्हटलं, “देते. पेटीवर माझं नाव घाल.”

“व्हर्ना, अगं, ती बारीक अक्षरातली नावं कोण वाचतं?”

“कुणी वाचत नाही?”

“कुणी नाही.”

“मग तुझं काढ.”

त्यानं बिस्कीट खाल्लं. त्याचंच आणलेलं, मी हात लावला नव्हता. मग म्हणाला, “तेव्हाच्या नियमात तू बसत नव्हतीस, त्याला मी काय करू?”

मी त्याला सांगितलं की सरकारनं दोन हजार नऊ साली कायदा बदलला, माझ्यासारख्यांना नागरिक म्हणून घेतलं, तेही जन्मापासूनचं. तेव्हा मी कायमचीच इथली होते, आता कागदावरसुद्धा. यावर तो जे बोलला ते मी शब्दशः उतरवते, आणि इना तेव्हा स्वयंपाकघरात होती, तिनंही ऐकलं.

“तसंही त्या फॉर्मच्या मागच्या बाजूला होतंच की, देशात सहा महिने राहिलेला माणूस चालतो म्हणून.”

“काय?”

“मागच्या पानावर. आम्ही पान उलटलंच नव्हतं.”

“तुला कधी कळलं?”

“त्याच वर्षी, शरद ऋतूत. पण तोवर रेकॉर्ड छापून झाली होती गं. आणि डेलबर्ट म्हणाला, आता कशाला तिला त्रास.”

इनाच्या हातातली बशी तिथं फुटली. माझ्या हातात काही नव्हतं, नाहीतर रँडलचं फुटलं असतं.

म्हणजे माझं नाव काढायची गरजच नव्हती! एक पान उलटायचं होतं. आणि उलटल्यावर दोघांनी मिळून ते परत पालथं घातलं. पस्तीस वर्षं डेलबर्ट माझ्या शेजारी जेवला, मी रेडिओ बंद केला की विचारायचा, “डोकं दुखतंय का गं?”

म्हणून: टेपांची अकरा रिळं रँडलला मिळणार नाहीत, त्या कंपनीलाही नाहीत. शब्दांपुढं माझं नाव घालायला रँडल लेखी तयार झाला तरच त्यांच्या नकला द्याव्यात. तो तयार न होता मेला तर पेटी निघू नये. मधला मार्ग हॅलेटसाहेबांनी सुचवला होता, “विशेष आभार” म्हणून नाव घालण्याचा. हॅलेटसाहेबांना तो त्यांच्या थडग्यावर घालता येईल.

७. थडग्यावरून. डेलबर्टच्या दगडावर कॉलीननं “चार पौंड माझ्या काळजाशी” असं कोरून घेतलंय, खाली त्याचं नाव. शेजारी माझं नाव आणि जन्मसाल कोरून तयार आहे, मरायचं साल तेवढं बाकी. मी नवऱ्याशेजारीच निजेन. चांगला माणूस होता, कामसू होता, हात उगारला नाही, आणि भित्रा होता. पण माझ्याच ओळी त्याच्या नावावर असताना मी तिथं गप्प पडणार नाही. ओळ पुसू नये. तिच्याखाली “शब्द आणि चाल व्हर्नाची” एवढं कोरावं. अक्षरं त्याच मापाची. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर बारीक अक्षरं चालत नाहीत.

८. आता कॉलीन.

बाळा, हे कलम मी चार वेळा लिहिलंय.

तू पंच्याऐंशी साली वेळेआधी जन्मलीस, चार पौंडांची. हे खरं आहे. तुझ्या सहाव्या वाढदिवसाला तुझ्या बापानं तुला मांडीवर घेऊन सांगितलं की ते गाणं त्यानं तुझ्यावर केलं. मी केक कापत होते. तुझा चेहरा असा काही उजळला की माझ्या हातून सुरी पुढं गेली नाही, तोंडातून शब्दही नाही. तेव्हा त्या खोट्यात माझाही वाटा आहे.

या एप्रिलात, रँडल येऊन गेल्यावर, मी तुला सगळं सांगितलं. तू आधी हसलीस.

“लोणी? आई, खरंच, लोणी?”

“हो.”

“प्रत्येक गोष्टीची थट्टा का करतेस गं? बाबांना जाऊन पाच वर्षं झाली, आता तरी त्यांना सोड.”

“ही थट्टा नाही, कॉलीन.”

“मग सिद्ध कर.” आणि मग रडलीस. “त्यांचं माझ्याकडं तेवढंच आहे, आई. तेवढंच.”

जन्मभर सगळ्यांना चिडवत आले, त्याची ही फेड. एकदाच खरं बोलले तर पोटची पोर म्हणते, आईची गंमत. म्हणून हे वकिलासमोर लिहिते. त्यांच्यासमोर थट्टा करायची तर तासाच्या हिशोबानं पैसे पडतात.

सिद्ध करते. तिसऱ्या क्रमांकाचं रीळ लाव. सुरुवातीला मी तारीख बोलते, जानेवारी ब्याऐंशी, तुझ्या जन्माआधी तीन वर्षं. मग मी गाते. मध्येच तुझा बाप म्हणतो, “थांब, व्हर्ना, तिसरं कडवं परत म्हण, मला बोटं सापडत नाहीत.” मी परत म्हणते. तो परत चुकतो आणि हसतो. तुझा बाप एकोणतीस वर्षांचा आहे त्यात. त्यासाठी तरी ऐक. सगळी रिळं तुझी.

तुझ्यावर मी गाणं केलं नाही, हेही सांगून टाकते. तू काचेच्या पेटीत होतीस ते सात आठवडे माझ्या डोक्यात एक सूर आला नाही. नर्स म्हणायची, गुणगुणा, बाळ ओळखतं. मला जमेना. मी नुसती तुझे श्वास मोजत बसायचे. त्यानंतर मी कधीच गाणं केलं नाही. लोक समजतात डेलबर्टची प्रतिभा आटली.

हॅलेटसाहेबांनी या कलमात अट घातली होती: चालीपुढचं नाव दुरुस्त करण्याच्या अर्जावर कॉलीननं सही केली तरच तिला गाण्यांचे हक्क मिळतील. डेलबर्टच्या अर्ध्या भागापुरती त्याच्या वारसाची सही पुरते. तो अर्ज पाच वर्षं माझ्या खणात पडून आहे, कारण तुझं तोंड आठवलं की पेन खाली ठेवायचे.

ती अट मी काढलीय. बापाचं नाव लेकीच्या हातानं पुसून घ्यायचं, एवढी मी दुष्ट नाही, रँडल काहीही म्हणो. त्याची वारस अजून मी आहे. अर्जावर आज सकाळी मीच सही केली, डेलबर्टच्या वतीनं. “चाल माझी नव्हती, माझ्या बायकोची होती,” असं त्याला जे पस्तीस वर्षांत बोलता आलं नाही ते मी त्याच्यासाठी लिहून दिलं. मग पेन आपटलं. रागानं म्हणा.

तेव्हा गाण्यांचे हक्क तुला, कुठल्याही अटीशिवाय. तू माझ्यावर रागव, बोलू नकोस, नाताळला येऊ नकोस. पण मी मेल्यावर तुला जे मिळेल ते माझ्या नावानं मिळेल.

हे सगळं मी वाचून पाहिलं. खाडाखोड माझीच आहे, त्या जागी आद्याक्षरं घातली आहेत. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते, आणि त्या दोघी माझ्यासमोर करतात.

व्हर्ना इडा गिबरसन
(सही)

साक्षीदार एक: इना टॉम्पकिन्स, पुलाकडचा रस्ता, बर्चफर्ड.
(सही) रँडल जे बोलला ते मी ऐकलं. बशी माझ्या हातून फुटली.

साक्षीदार दोन: लोरेन मिशो, पोस्ट ऑफिस, बर्चफर्ड.
(सही) अर्जाचं पाकीट दहा वाजून वीस मिनिटांनी मी स्वतः घेतलं आणि शिक्का मारला. आता परत मागितलं तरी देता येणार नाही, असं व्हर्नाला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणूनच तुझ्याकडं दिलं.”

बर्चफर्ड, न्यू ब्रन्सविक
मंगळवार, सतरा ऑक्टोबर दोन हजार तेवीस